अंडकोषात अचानक कळ, पीळ नाही, इन्फेक्शन नाही, मग निघालं काय? (सोलापूर, अनुभव आणि चर्चा)

चादरवाला_सोलापूर:

नमस्कार मंडळी. विषय अवघड जागेचा आहे पण मुद्दाम उघड लिहितोय, कारण त्या रात्री मोबाईलवर मराठीत शोधलं तर एकतर तेलाच्या जाहिराती नाहीतर 'डॉक्टरांचा सल्ला घ्या' एवढंच मिळत होतं. माझं वय ३१, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. आधीचा कसला आजार नाही, पडलो नाही, मार लागला नाही. झोपेत डाव्या गोटीत अशी कळ आली की बसवेना आणि आडवंही होता येईना, कळ जांघेतून वर पोटात चढायली, मळमळ सुटली, अंगाला घाम. ताप नव्हता आणि लघवीला जळजळही नव्हती, हे ध्यानात ठेवा, पुढं याच्यावर बरंच काही ठरलं.

माझा चुलतभाऊ एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरला कामाला आहे, त्याला फोन लावला. तो म्हणाला गोळी खाऊ नको, पाणीसुद्धा पिऊ नको, गोटीला पीळ पडला असला तर ऑपरेशनसाठी लगेच भूल द्यावी लागते, आत्ता रिक्षा कर आणि ये. बायको सोबत आली. तिथल्या डॉक्टरनं आधी दोन्ही बाजू हातानं तपासल्या, मग मांडीच्या आतल्या बाजूनं पेनाच्या टोकानं हळूच रेघ ओढली आणि त्या बाजूची गोटी वर सरकते का बघितलं. सरकली. मग डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे रक्त कुठं किती वाहतंय ते दाखवणारी. रिपोर्ट आला: पीळ नाही, खालच्या दोन भागात रक्त नीट जातंय, पण वरच्या टोकाला एक काळा भाग आहे तिथं रक्त दिसत नाही, 'गाठ असण्याची शक्यता नाकारता येत नाही'.

आता खरं संकट इथून. सकाळी तिथल्या सर्जननं सांगितलं की कॅन्सर असू शकतो, उद्याच काढून टाकू, एका गोटीवर माणूस आरामात जगतो. बायको रडायली, आईनं सिद्धेश्वराला नवस बोलला. भाऊ मात्र म्हणाला की रक्त तपासल्याशिवाय सही करायची नाही, दुसऱ्या युरोलॉजिस्टला दाखवू. दुसऱ्या डॉक्टरांनी फिल्म बघितल्या बघितल्या विचारलं, "दुखणं अचानक सुरू झालं का हळूहळू?" अचानक म्हणल्यावर त्यांनी कॅन्सरच्या तीन रक्ततपासण्या आणि रंगद्रव्य टोचून एमआरआय सांगितला. तपासण्या नॉर्मल. एमआरआयमध्ये तो भाग त्रिकोणी, आतून पूर्ण काळा, कडेनं पांढरी किनार. निदान लिहिलं: सेगमेंटल टेस्टिक्युलर इन्फार्क्शन. म्हणजे गोटीच्या एका तुकड्याचा रक्तपुरवठा बंद पडून तेवढाच भाग मेला. ऑपरेशन नाही. दुखण्यावर गोळ्या, आधाराची चड्डी, आराम, आणि परत परत सोनोग्राफी.

माझी गोटी जागेवर आहे. कुणाला असं काही झालंय का, आणि इथं डॉक्टर असतील तर जरा खुलासा करा, कारण आमच्या फॅमिली डॉक्टरांनीही हे नाव पहिल्यांदाच ऐकलं म्हणाले.

शेंगाचटणी:

बाप रे. भावा, आधी तुझ्या चुलतभावाला माझा नमस्कार सांग. मला मुतखडा झाला होता तेव्हा असंच गोटीत दुखत होतं, मी पण घाबरलो होतो, पण दाबलं की काही होत नव्हतं, दुखायचं ते पाठीतून खाली यायचं. तुझं हात लावल्यावर दुखत होतं का?

चादरवाला_सोलापूर:

हो, आणि वरच्या टोकालाच. खाली दाबलं तर एवढं नाही. नंतर कळलं की मेलेला भाग पण तिथलाच.

सात_रस्ता_डॉक्टर:

मी युरोलॉजिस्ट आहे, सोलापुरातच, नाव-पत्ता लिहीत नाही कारण इथं पेशंट गोळा करायचे नाहीत. जरा मोठं लिहितो.

आधी हे की चादरवाला यांचा आजार विरळा आहे, त्याची भीती घेऊन कुणी झोप घालवू नका. पण अंडकोषात अचानक कळ हे लक्षण विरळ नाही, आणि त्याचं पहिलं कारण जोपर्यंत खोटं ठरत नाही तोपर्यंत पीळच धरायचा. वृषण ज्या दोरीला लटकलेलं असतं तिच्यातून रक्तवाहिन्या जातात, दोरी फिरली की आधी शीर दबते, मग धमनी. बहुतेकदा १२ ते १८ वयात होतं, पण तान्ह्या बाळाला आणि चाळिशीतल्या माणसालाही झालेलं मी पाहिलंय. कळ सुरू झाल्यापासून ६ तासांत पीळ सोडवला तर नव्वद टक्क्यांच्या वर वृषण वाचतं, पुढं प्रत्येक तासाला शक्यता घसरते आणि २४ तासांनंतर फार थोडी वाचतात. म्हणून तास कळ लागल्यापासून मोजायचे, डॉक्टरांकडे पोचल्यापासून नाही. आणि उशीर झाला असला तरी 'आता काय उपयोग' म्हणून घरी बसायचं नाही, काहींचा पीळ अर्धवट असतो.

पेनाच्या टोकानं मांडीवर रेघ ओढली ती क्रिमास्टर म्हणजे वृषण वर खेचणाऱ्या स्नायूची प्रतिक्रिया बघायला. पिळात ती बहुतेक वेळा जाते, पण ती आहे म्हणून पीळ नाही असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, म्हणून पुढं डॉपलर. आणि संशय पक्का असेल तर डॉपलरची वाट न बघता सर्जननं उघडून बघावं. उघडून बघितलं आणि पीळ निघाला नाही तर नुकसान एका छोट्या टाक्याचं, वाट बघितली आणि पीळ निघाला तर अवयवाचं.

आता यांच्या आजाराबद्दल. वृषणाला मुख्य रक्त एका धमनीतून येतं, ती थेट पोटातल्या महाधमनीतून, किडनीच्या जवळून निघते. बाळ पोटात असताना वृषणं किडनीपाशीच तयार होतात आणि मग खाली उतरतात, त्यामुळं शेंगाचटणी यांचा मुतखडा गोटीत दुखला आणि यांची गोटी पोटात दुखली. त्या धमनीच्या फांद्या आत गेल्या की एकमेकींना फारशा जोडलेल्या नसतात. एक फांदी बंद पडली की तिच्या वाट्याचा पाचरीसारखा तुकडा मरतो, पाचरीचं टोक आत, जिथं नळ्या एकत्र येतात तिकडं. वरच्या टोकाला जास्त दिसतं कारण तिथं पर्यायी रक्तपुरवठा कमी.

कारण बहुतेक वेळा सापडतच नाही. पण शोधावं लागतं. सिकलसेल, रक्त दाट होण्याचे आजार, रक्तवाहिन्यांची सूज म्हणजे व्हॅस्क्युलायटिस, गुठळी होण्याची प्रवृत्ती, जोरदार इन्फेक्शननंतरची सूज, हर्नियाचं जुनं ऑपरेशन, आणि थोडा वेळ पडून आपोआप सुटलेला पीळ.

कडक_भाकरी:

सिकलसेल विदर्भात असतो ना? इकडं सोलापूरला कशाला?

सात_रस्ता_डॉक्टर:

विदर्भात आणि नंदुरबारकडे जास्त, बरोबर. पण कामधंद्यानं माणसं सगळीकडून सोलापुरात येतात, आणि तपासणी स्वस्त आहे, एकदा करून टाकायची. मी तर त्याच नमुन्यात हिपॅटायटिस बी पण बघतो, कारण पॉलिआर्टेरायटिस नोडोसा नावाचा धमन्यांचा आजार त्याच्याशी जोडलेला असतो आणि तो कधी कधी वृषणातूनच पहिल्यांदा दर्शन देतो. अशा पेशंटचं वजन उतरत असतं, ताप येऊन जाऊन असतो, बीपी चढलेलं असतं, पायाला मुंग्या येतात, कातडीवर जाळीसारखे डाग दिसतात. चादरवाला, यातलं काही?

चादरवाला_सोलापूर:

नाही सर. सगळे रिपोर्ट साफ. बीपी नॉर्मल, हिमोग्लोबिन नॉर्मल. फाईलवर 'कारण अज्ञात' लिहिलंय. पहिल्यांदा वाचून राग आला होता, मग डॉक्टरांनी समजावलं की घातक कारणं एक एक करून बाद केली म्हणून तसं लिहिता आलंय.

बार्शीकर_आई:

मी एरवी इथं फक्त रेसिपी वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. माझा मुलगा तेरा वर्षांचा होता. पहाटे उठून पोटात दुखतंय म्हणाला आणि दोनदा उलटी झाली. आम्ही लगेच दवाखान्यात नेलं, घरी एक मिनिट बसलो नाही. तिथं पोट दाबून बघितलं, गॅस आहे म्हणाले, इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. दिवसभर तो वाकूनच चालत होता. संध्याकाळी त्याच्या मामानं त्याला बाजूला घेऊन विचारलं तेव्हा तो म्हणाला की खाली दुखतंय, आणि सकाळी पण खालीच दुखत होतं पण तिथं नर्स होती, आई होती, कसं सांगू. तोपर्यंत फार उशीर झाला होता. सोलापूरला आणलं, ऑपरेशन केलं, एक काढावी लागली, दुसरी टाके घालून पक्की केली.

तेरा वर्षांच्या मुलाचं पोट तपासताना त्याची चड्डी कुणी खाली करून बघितलीच नाही. एका मिनिटाचं काम होतं. एवढंच माझ्या मनात अजून येतं. तुमचं वाचलं म्हणून मनापासून बरं वाटलं भाऊ.

शेंगाचटणी:

ताई, काय बोलावं कळत नाही. मुलगा कसा आहे आता?

बार्शीकर_आई:

एकदम बरा आहे. बारावीला आहे, क्रिकेट खेळतो, गार्ड घालून. तोच म्हणाला धाग्यावर लिही.

सात_रस्ता_डॉक्टर:

ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून मी हा धागा माझ्या ओळखीच्या प्रत्येक जनरल प्रॅक्टिशनरला पाठवणार आहे. मुलगा पोटदुखी आणि उलटी घेऊन आला की खालची तपासणी केल्याशिवाय पोटाची तपासणी पूर्ण होत नाही. हे आम्हाला शिकवलेलं असतं, गर्दीत राहून जातं, आणि राहून जायला नको.

दुसरी बाजू पक्की का करतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ज्या मुलाला पीळ पडतो त्याचं वृषण बहुतेकदा जन्मापासूनच पिशवीत सैल लटकलेलं असतं, आणि ही रचना दोन्ही बाजूला असते. म्हणून ऑपरेशन एका बाजूचं असलं तरी टाके दोन्हीकडं. कुणाला पीळ सुटला असं सांगून टाके न घालता घरी पाठवलं असेल तर परत जाऊन विचारा. तसंच ज्याला कळ येते, अर्ध्या तासात आपोआप जाते, परत काही महिन्यांनी येते, त्यानं 'गेलं ना आता' म्हणून सोडू नये. तो येऊन जाऊन पडणारा पीळ असू शकतो आणि एक दिवस तो सुटत नाही.

पूर्वभाग_पद्मशाली:

आमच्यात आजोबा सांगायचे की गरम विटेनं शेकायचं आणि एरंडेल लावून चोळायचं. माझ्या काकांना तसं केलं होतं, बरं झालं होतं.

सात_रस्ता_डॉक्टर:

काकांना बहुधा साधी सूज असेल. अचानक आलेल्या कळेत शेकू नका आणि चोळू तर अजिबात नका. पीळ असेल तर चोळण्यानं तो उलट आणखी आवळू शकतो आणि वेळ जातो तो वेगळाच. पीळ नाही हे ठरल्यावर सूज उतरवायला फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ, खाली घडी केलेला टॉवेल ठेवून आधार, एवढं पुरतं.

सोनोग्राफीवाला_बाळीवेस:

मी रेडिओलॉजीत टेक्निशियन आहे, रिपोर्ट डॉक्टर देतात पण प्रोब मांडायचं, पेशंटला समजवायचं काम आमचं. लोक तपासणीलाच घाबरतात म्हणून ती कशी असते ते सांगतो, चालेल ना?

पेशंट उताणा झोपतो. मांड्यांच्या मध्ये टॉवेलची घडी ठेवून पिशवी त्याच्यावर उचलून घेतो, लिंग वर पोटाकडं करून दुसऱ्या टॉवेलनं झाकतो, म्हणजे उघडं राहतं तेवढंच जेवढं बघायचंय. जेल गार लागतं, मी आधी कोमट करून घेतो. आणि प्रोब आधी चांगल्या बाजूला लावतात, दुखऱ्या बाजूला नाही. पेशंट ओरडतो की ओ इकडं नाही तिकडं दुखतंय, पण ते मुद्दाम असतं. त्याच माणसाच्या चांगल्या बाजूला रक्ताचा रंग किती दिसतो ते बघून मशीन लावून घ्यायचं, मग दुखऱ्या बाजूला तेवढाच दिसतो का ते बघायचं. मंद प्रवाहासाठी सेटिंग खाली नाही आणलं तर लहान मुलात नसलेला पीळ दिसतो, आणि उलटंही होतं. मग वर जांघेपर्यंत दोरी बघायची, तिथं भोवरा, म्हणजे दोरी गोल फिरलेली दिसली की आमचे डॉक्टर रिपोर्ट टाईप होईपर्यंत थांबत नाहीत, थेट सर्जनला फोन. रंग दिसतोय म्हणून पीळ नाही असं प्रत्येक वेळी नसतं, अर्धवट पिळात रंग राहतो. चादरवाला यांच्यासारखी केस मी इतक्या वर्षांत क्वचित बघितलीय. त्यात बाकी गोटी लाल निळी छान भरलेली आणि वरच्या कोपऱ्यात एक पाचर कोरी, रंगाची एक रेघसुद्धा नाही. एकदा बघितलं की विसरत नाही.

चादरवाला_सोलापूर:

अगदी हेच. आणि तो टॉवेल आमच्याच कारखान्यातला होता, कडेची पट्टी मी ओळखली. त्या वेळी तेवढं एक ओळखीचं दिसलं म्हणून जरा धीर आला.

पुण्यात_सोलापूरकर:

मला एक कळत नाही. कॅन्सरची शंका असताना थांबणं धोक्याचं नाही का? पहिला सर्जन तर सावधच होता ना. मी त्याची बाजू घेत नाही, पण माझ्या मित्राची गाठ वर्षभर 'इन्फेक्शन' म्हणून गोळ्या खाण्यात गेली आणि निघाला कॅन्सर.

सात_रस्ता_डॉक्टर:

रास्त प्रश्न आहे, आणि तुमच्या मित्रासारखं घडतं, म्हणून दोन्ही बाजू नीट मांडतो.

वृषणाचा कॅन्सर साधारण १५ ते ३५ वयातच जास्त. तो बहुतेकदा न दुखणारी, कडक, हळूहळू वाढणारी गाठ म्हणून येतो. आत रक्तस्राव झाला तर मात्र अचानक दुखू शकतो, म्हणून 'दुखतंय म्हणजे कॅन्सर नाही' हे चूक. गाठीत सहसा रक्तवाहिन्या दिसतात, आकार गोलसर. इन्फार्क्शनमध्ये रक्त नसतं, आकार पाचरीचा. पण इन्फार्क्शन गोलही असू शकतं आणि लहान गाठीत रक्त दिसत नाही, खरी अडचण तिथं. म्हणून अल्फा फीटोप्रोटीन, बीटा एचसीजी आणि एलडीएच बघायचे, आणि शंका उरली तर रंगद्रव्य देऊन एमआरआय. मेलेल्या भागात रंगद्रव्य शिरत नाही, कडेला सूज असते म्हणून फक्त किनार उजळते, चादरवाला यांनी सांगितलं तसं. या तिन्ही रक्ततपासण्या नॉर्मल असूनही कॅन्सर असू शकतो, विशेषतः सेमिनोमा प्रकारात, म्हणून नुसत्या रक्तावर कुणी निर्धास्त होऊ नये. सगळ्या गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच थांबायचं, आणि थांबायचं म्हणजे सोडून द्यायचं नाही, ठरलेल्या वेळी परत सोनोग्राफी. मेलेला भाग आकसत जातो. गाठ आकसत नाही, वाढते. शंका तशीच राहिली तर काढायलाच लागतं, आणि तेव्हा मीही काढीन.

आणि एक, कॅन्सरच्या शंकेनं काढायची असेल तर छेद जांघेतून घ्यायचा असतो, पिशवीतून नाही. सुई घालून तुकडाही काढायचा नसतो. कुणी पिशवीतून छेद घेतो म्हणाला तर का ते विचारा. आपल्या जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, दुसरं मत घ्यायला पुण्या-मुंबईलाच पळायची गरज नाही. वेळेत सापडला तर हा कॅन्सर बरा होणाऱ्यांपैकी आहे, पसरलेला असला तरी सिस्प्लॅटिनवर आधारलेल्या औषधांनी बहुतेक जण बरे होतात. तुमचा मित्र कसा आहे?

पुण्यात_सोलापूरकर:

केमो झाली, आता ठीक आहे, कामावर जातोय. त्याला केमोच्या आधी वीर्य साठवून ठेवायला सांगितलं होतं ते बरं झालं, मागच्या वर्षी मुलगी झाली.

मंगळवेढ्याची_ज्वारी:

माझंही लिहितो, वेगळं कारण आहे. आमच्याकडं शेळ्या आणि दोन म्हशी. मला महिनाभर संध्याकाळी ताप यायचा, रात्री घामानं अंथरूण भिजायचं, कंबर धरलेली, आणि मग उजवी गोटी सुजून आली, लिंबाएवढी. साध्या इन्फेक्शनच्या गोळ्यांचा कोर्स झाला, थोडं कमी झालं, परत आलं. टीबी समजून पण तपासलं. शेवटी सोलापूरच्या एका डॉक्टरनं पहिलाच प्रश्न विचारला, "घरी जनावरं आहेत का, आणि एवढ्यात कुठली गाभडली का?" शेळी गाभडली होती, दोन, आणि वार मी हातानं ओढली होती, मोज्याशिवाय. ब्रुसेल्ला निघाला. सहा आठवडे दोन गोळ्या, डॉक्सीसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन. लघवी केशरी व्हायची, त्यानं घाबरून मध्येच बंद करणार होतो, डॉक्टरनं आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून नाही केलं.

सात_रस्ता_डॉक्टर:

अतिशय मोलाचं लिहिलंत. ब्रुसेल्लोसिस म्हणजे तोच जुना माल्टा ताप, १८८७ साली डेव्हिड ब्रूसनं माल्टा बेटावर मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून याचा जंतू शोधला, आणि पुढं लक्षात आलं की तो शेळीच्या कच्च्या दुधातून येतोय. आपल्याकडं घरोघर शेळ्या, म्हशी असताना हा विचार डोक्यात यायलाच पाहिजे. पिळासारखी एका क्षणात कळ येत नाही, काही दिवसांत वाढते, पण काही जण एकदम दुखलं म्हणूनच येतात. साध्या औषधांनी परत परत उठणारी सूज असेल तर रक्ताची ब्रुसेल्ला तपासणी मागा, आणि रक्त कल्चरला लावलं तर लॅबला ब्रुसेल्लाचा संशय आहे असं आधी सांगा, कारण हा जंतू लॅबमधल्या माणसालाही लागू शकतो. सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे, मध्येच सोडलं की उलटतो.

घरी: दूध उकळूनच, कच्चा खरवसही नको. गाभडलेल्या जनावराला हात लावताना हातमोजे, वार खोल पुरायची, कुत्र्याला टाकायची नाही. २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी आणि वगारींना ब्रुसेल्लाची लस देतात, पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. ही लस माणसाला नाही, आणि टोचताना सुई लागली तर डॉक्टरकडं जायचं.

कडक_भाकरी:

गालगुंडानं पण होतं ना? माझ्या भाच्याला कॉलेजात असताना गालगुंड झालं आणि आठवड्यानं गोटी सुजली. आई म्हणायची लहानपणी झालं तर बरं, मोठेपणी झालं तर मूल होत नाही.

सात_रस्ता_डॉक्टर:

वयात आल्यावर गालगुंड झालेल्या मुलांपैकी साधारण १५ ते ३० टक्क्यांत वृषणाला सूज येते, गाल सुजल्यानंतर आठवडाभरात. बहुतेकदा एकाच बाजूला, आणि पूर्ण वंध्यत्व क्वचित. सरकारी मोफत लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आहे, गालगुंडाची नाही, ती एमएमआर लसीतून घ्यावी लागते. मुलाची राहिली असेल तर डॉक्टरांना विचारा.

ज्यांची लहान मुलं आहेत त्यांच्यासाठी अजून एक. पायावर, ढुंगणावर लालजांभळे उंचावलेले पुरळ, सांधे दुखतात, पोटात कळा, आणि अंडकोष सुजलेला असं एकत्र दिसलं तर तो आयजीए व्हॅस्क्युलायटिस असू शकतो, पूर्वी हेनोक-शॉनलाइन म्हणायचे. तिथं बालरोगतज्ज्ञ आणि लघवीची तपासणी, किडनीवर लक्ष ठेवायला. पण पुरळ दिसलं म्हणून पीळ नाही असं गृहीत धरायचं नाही, डॉपलर करायचाच.

लग्न_ठरलंय_२७:

नाव बदलून लिहितोय. दोन वर्षांपूर्वी माझं पिळाचं ऑपरेशन झालं, एक गोटी काढली. मे महिन्यात लग्न आहे. मुलीला सांगायचं का, मूल होईल का, कुणाला विचारावं कळत नाही, घरी वडील विषय काढू देत नाहीत. चादरवाला भाऊ, तुमच्या गोटीचा एक भाग मेला म्हणता, तुम्हाला डॉक्टरांनी काय सांगितलं?

चादरवाला_सोलापूर:

भावा, मला एक मुलगा आहे आणि अजून एक व्हावं अशी इच्छा आहे, म्हणून मी हे स्पष्टच विचारलं. त्यांनी वीर्यतपासणी करायला लावली, नॉर्मल आली. पहिल्या तपासणीवर ठरवू नका, दुखणं उतरल्यावर काही महिन्यांनी करा असं म्हणाले होते, कारण शुक्राणू तयार व्हायलाच अडीच-तीन महिने लागतात. तू तर पुढं आलायस, उद्याच करून घे.

सात_रस्ता_डॉक्टर:

एक निरोगी वृषण असेल तर बहुतेकांना मूल होतं आणि पुरुषी हार्मोनही पुरेसं तयार होतं. वीर्यतपासणी करून घ्या, दोन ते पाच दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, लॅबमध्येच द्या म्हणजे वाटेत वेळ जात नाही. तपासणी ठीक आली की ते कागद हातात घेऊन मुलीशी स्वतः बोला, तुम्ही आणि ती, दोघंच. मोटारसायकल, कबड्डी, क्रिकेट, काहीही असो, उरलेल्या बाजूला मार बसेल असं काही करताना गार्ड. आणि दुसरी बाजू त्या वेळी टाक्यांनी पक्की केली होती का ते जुन्या डिस्चार्ज कार्डावर बघा.

लग्न_ठरलंय_२७:

कार्ड सापडलं सर. त्यावर उजव्या बाजूबद्दल काहीच लिहिलेलं नाही. फक्त 'डावीकडील ऑर्किडेक्टमी', म्हणजे डावी गोटी काढली एवढंच.

सात_रस्ता_डॉक्टर:

मग लग्नाच्या गडबडीच्या आधी एकदा युरोलॉजिस्टला दाखवा. ज्या हॉस्पिटलात झालं तिथल्या मेडिकल रेकॉर्डमधून ऑपरेशनच्या नोटची झेरॉक्स मागा, डिस्चार्ज कार्डावर नसलं तरी त्या नोटमध्ये असू शकतं. तिथंही नसेल तर उजवी बाजू पक्की करायची का हे समोरासमोर तपासून ठरवता येतं, ऑपरेशन छोटं असतं. तोपर्यंत उजवीकडं जरा जरी अचानक कळ आली तरी उपाशीपोटी सरळ इमर्जन्सीला, रात्र असली तरी. सिव्हिलला चोवीस तास सर्जन असतात.

बार्शीकर_आई:

बाळा, वडील बोलत नसतील तर आईला सांग. नाहीतर मला मेसेज कर, मी तुझ्या आईशी बोलते.

लग्न_ठरलंय_२७:

हो काकू. रात्री करतो.

कडक_भाकरी:

चादरवाला, तुझ्या शेवटच्या सोनोग्राफीचं सांग ना, आकसला का तो भाग?

चादरवाला_सोलापूर:

आकसला. आधीच्या फिल्ममध्ये काळी पाचर होती, आता तिथं बारीक रेघ राहिलीय आणि वरचं टोक थोडं चपटं झालंय, हाताला कळतं. दुखत नाही, दोन्ही पाळ्या करतोय. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. ज्यांना लागतील त्यांच्यासाठी सांगतो, एमआरआयची सीडी, सगळ्या सोनोग्राफीच्या फिल्म आणि तिन्ही रक्ताचे रिपोर्ट एकाच फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवलेत, कारण प्रत्येक वेळी सोनोग्राफीवाले आधीचं माप मागतात आणि नसलं तर तुलना करता येत नाही.

सोनोग्राफीवाला_बाळीवेस:

हे लाखातलं बोललास. आणि फिल्म पिशवीत दुमडू नका रे, घडीवर रेघ पडते आणि आम्हाला तीच जखम वाटते.